हॉलंडचे जवाई

कला माणसाला देशाच्या, भाषेच्या आणि जातीच्या सीमा ओलांडून पार पलीकडे नेते. हे वाक्य मी कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत दर वर्षी वेगळ्या पाहुण्याच्या तोंडून ऐकलं, आणि त्याचा पडताळा मला आयुष्यात एकदाच मिळाला. माझ्या ओळखीच्या एका डच वादकाला कलेने ॲमस्टरडॅमहून उचललं आणि दवनीवाड्याच्या अलीकडच्या एका फाट्यावर आणून सोडलं. पुढे पूल खचला होता.

ते क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचे. त्यांचं नाव गोंदियात कुणाला नीट घेता आलं नाही. त्या नावाला घशातून जी खरखर काढावी लागते ती आमच्याकडे फक्त सकाळी दात घासताना काढतात, आणि तीही अंगणात. त्यामुळे सगळे त्यांना जवाई म्हणत. एका घरचा जवाई तो सगळ्या गल्लीचा जवाई, असा हिशेब असल्यामुळे मीही जवाईच म्हणायचो, आणि ते माझ्याहून फार लहान नसल्यामुळे दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं व्हायचं.

त्यांच्या सासऱ्यांचं घर माझ्या शेजारचं. घरमालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षं इटियाडोह धरणावर गेलेली. गल्ली त्यांना साहेब म्हणे. पोवार समाजाचा माणूस, दवनीवाड्याला धानाची शेती, बोलणं थोडं आणि ठाम. त्यांची मुलगी सुनंदा पाण्याच्या इंजिनियरिंगचं शिकायला हॉलंडला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि एक दिवस फोनवर म्हणाली की तिने लग्न ठरवलं आहे, मुलगा डच आहे आणि क्लॅरिनेट वाजवतो.

साहेब फोन ठेवून तडक माझ्याकडे आले. मी इंग्रजीचा प्राध्यापक, म्हणून परदेशातल्या सगळ्या वस्तू माझ्या विषयात येतात असा त्यांचा समज होता.

"प्राध्यापक, क्लॅरिनेट म्हंजे काय गा?"

"लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यात पुढे एकजण काळी नळी वाजवतो ना, ती."

साहेब खुर्चीत बसले. "म्हंजे वाजंत्री?"

"तसं नाही. हे मोठ्या ऑर्केस्ट्रात वाजवत असतील."

"ऑर्केस्ट्रात काय असते मंग?"

"बरेच वाजंत्री," मी म्हणालो. खोटं बोलण्याची मला सवय नव्हती.

 साहेब उठले, चपला घातल्या आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगून आले की जवाई हॉलंडच्या इरिगेशनमध्ये मोठे इंजिनियर आहेत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना याबद्दल विचारलं, तर त्यांनी मलाच समजावलं. "तो देशच्या देश समुद्राच्या खाली आहे. पान्याचं काम येत नसन तं तेथचा मानूस जगन कसा? थोडंफार इरिगेशन सार्‍याइलेच येत असन." 

त्यानंतर बारा हिवाळे जवाई गोंदियाला येत राहिले. धान कापून झालं की सुनंदा आणि ते यायचे, दोन महिने राहायचे. उंची सहा फूट चार इंच. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक चौकटीला त्यांचं कपाळ लागून झालं होतं, आणि प्रत्येक वेळी ते चौकटीची माफी मागत. पाव्हण्याला बसायला दिलेल्या खाटेवर ते तिरपे झोपत. सुनंदाने त्यांना आमच्या बोलीतली दहा-पंधरा वाक्यं शिकवली होती आणि ती ते कुठल्याही प्रसंगी वापरत. कुणी भेटलं की "जेवून राहिलो जी," म्हणून सांगत, मग ते रस्त्यात सायकलवर का असेनात.

इंजिनियर म्हणून त्यांची प्रॅक्टिस पहिल्याच हिवाळ्यात सुरू झाली. दवनीवाड्याला गेले की ओसरीवर शेतकरी जमत. नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही, ही आमच्याकडची जुनी तक्रार. शेतकरी ती मला सांगत, मी ती इंग्रजीत जवायांना सांगे, जवाई आत वळून सुनंदाला डचमध्ये विचारत, सुनंदा स्वयंपाकघरातून, कणीक मळता मळता, डचमध्ये उत्तर देई, जवाई ते मला इंग्रजीत सांगत आणि मी मराठीत. सल्ला चांगला असायचा. शेतकरी माना डोलावत आणि म्हणत, "मानूस हुशार आहे. किती इचार करून बोलते पाहा." ज्या मुलीने खरोखर ही पदवी घेतली होती आणि जिच्या आकडेमोडीवर हॉलंडचा एखादा बंधारा उभा असेल, तिला कुणी एवढंच विचारे की चहात साखर काऊन कमी टाकली.

एकदा मात्र जवायांनी स्वतःच्या बळावर नाव कमावलं. त्यांना नहरेच्या गेटवर नेलं होतं. पाणी गेटमधून घुमत होतं. ते खाली वाकले, लोखंडाला कान लावला आणि डोळे मिटून उभे राहिले. पंधरा-वीस माणसं श्वास रोखून. मग ते मला म्हणाले, "डाव्या बाजूचा सूर उजव्या बाजूपेक्षा अर्ध्या स्वराने खाली आहे. डावीकडे काहीतरी मऊ अडकलं आहे." मी सुराची गोष्ट गाळली आणि एवढंच सांगितलं की डावीकडे काहीतरी अडकलं आहे. दोघंजण उतरले आणि त्यांनी भुशाने भरलेलं एक पोतं बाहेर काढलं. त्या दिवसापासून जिल्ह्याच्या त्या भागात कुणीही त्यांच्या पदवीवर शंका घेतली नाही. साहेबांनी मला हळूच विचारलं, "येत असन न थोडंफार?"

या कीर्तीमुळे जवायांची पंचाईत झाली. त्यांना रोज दोन तास रियाज लागे, आणि इंजिनियरने घरात बसून नळी फुंकणं साहेबांना परवडणारं नव्हतं. मग ते पहाटे सायकल काढत, पाठीला पेटी बांधत आणि शहराबाहेरच्या नागऱ्याला जात. तिथल्या जुन्या शिवमंदिराच्या मागे, लोकांपासून दूर, एक चिंच आहे. तिच्याखाली उभं राहून ते एकच स्वर लांब धरत. एक स्वर संपला की पुन्हा तोच. पेटीत काय आहे असं कुणी विचारलं तर साहेबांनी सांगून ठेवलं होतं की जमीन मोजायची दुर्बीण आहे. शिवरात्रीच्या आधी मंदिरामागची जागा सपाट होणार, अशी नागऱ्यात एक वर्ष जोरात बातमी होती.

मी कधी कधी सोबत जायचो. माझं सायकल चालवणं आणि त्यांचं चालवणं यात हॉलंड आणि गोंदियाइतकं अंतर होतं, पण ते थांबत. चिंचेखाली स्वर थांबले की त्यांचं आयुष्य थोडंथोडं कळे.

त्यांचा जन्म दक्षिण हॉलंडकडच्या एका खेड्यातला. तिकडे म्हणे प्रत्येक खेड्याला स्वतःचा बँड असतो. खाटीक, पोस्टमन, शाळामास्तर, सगळे वर्दी घालून रविवारी गावातून वाजवत फिरतात. वयाच्या नवव्या वर्षी जवाई त्या बँडमध्ये क्लॅरिनेट घेऊन तिसऱ्या रांगेत चालले होते. पुढचं सगळं तिथूनच बिघडलं, असं ते म्हणत. पोरगा चांगला वाजवतो म्हणून त्याला शहरात शिकायला पाठवलं. मग एका मोठ्या ऑर्केस्ट्रात नोकरी. काळा कोट, समोर कागद, साठ आवर्तनं गप्प मोजून झाल्यावर दोन स्वर वाजवायचे. त्यातून जो जीव उरे तो घेऊन ते रात्री सॅक्सोफोनसह जॅझच्या क्लबात जात. ऑर्केस्ट्राच्या संचालकाला वाटे, हा गंभीर जागी झुलतो. जॅझवाल्यांना वाटे, हा झुलायच्या जागी मोजतो. दोन्हीकडे त्यांना आदराने वागवत, दोन्हीकडे त्यांच्या तबकड्या निघाल्या, बक्षिसंही मिळाली. पण ऑर्केस्ट्रात त्यांची ओळख करून देताना म्हणत, आपले जॅझमधले पाहुणे. आणि क्लबात म्हणत, आज आपल्यात ऑर्केस्ट्राचे पाहुणे आहेत.

"तीस वर्षं मी दोन घरी पाहुणा आहे," ते म्हणाले. "पाहुण्याला खुर्ची चांगली मिळते. पण भांडी कुठे ठेवली आहेत ते त्याला कुणी सांगत नाही. मला पुन्हा एकदा रांगेत चालायचं आहे. तिसऱ्या रांगेत चालेल."

आणि हा माणूस आला कुठे, तर सासुरवाडीला. पाहुणेपणाची याहून पक्की जागा महाराष्ट्रात नाही. एकदा साहेबांनी दारंखिडक्या लावून घेतल्या आणि घरच्यांपुरतं त्यांना वाजवायला सांगितलं. जवाई काहीतरी फार अवघड वाजवत होते. मध्ये त्यांची नळी एकदा चांगलीच किंचाळली. संपल्यावर सगळे म्हणाले, "गजब!" एक म्हाताऱ्या आत्याबाई होत्या, ठार बहिऱ्या, त्या सगळ्यांत आधी म्हणाल्या. जवाई माझ्याकडे वळले आणि हताश होऊन विचारू लागले, "या घरात मला खरं कोण सांगेल?"

मी त्यांना बाजारात मास्टरकडे नेलं. ती माझी चूक, मी ती मान्य करतो.

मास्टरचं बँडचं दुकान रेल्वे स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत होतं. बाहेर ढोल टांगलेले, आत एका दोरीवर लाल वर्द्या वाळत घातलेल्या. मास्टर बुटका, पान खाणारा, स्वतः क्लॅरिनेटवाला. गोंदियातल्या तीन पिढ्यांच्या लग्नांना त्याने मांडवात पोहोचवलं होतं. त्याने पाहुण्याला स्टूल दिलं आणि म्हणाला, "बजाओ साहब."

जवायांनी आधी क्लॅरिनेटवर काहीतरी संथ, शास्त्रशुद्ध, डोळ्यांत पाणी आणणारं वाजवलं. मास्टरने शांतपणे ऐकलं, पान थुंकलं. "अच्छा है. कोई मर गया तो बुलाएंगे."

मग जवायांनी सॅक्सोफोन काढला आणि पाच मिनिटं जॅझ वाजवलं. बोटं दिसत नव्हती. दुकानासमोर रिक्षावाले उभे राहिले. मास्टर म्हणाला, "ये गाना कौनसा था?"

"कुठलंच नाही," मी जवायांचं उत्तर भाषांतरित करून सांगितलं. "ते म्हणतात, वाजवता वाजवता बनवत होतो."

"पहले घर पे बना लो साहब, फिर आना."

जवायांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं भाषांतरात काही चुकलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी असं स्पष्ट बोललं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे मास्टरकडे नोकरी मागितली. मास्टरने त्यांना खालून वर पाहिलं, त्याला जरा वेळ लागला, आणि त्यांच्या हातात झुनझुना, म्हणजे खुळखुळा, दिला.

तीन हिवाळे जवाई मास्टरच्या बँडमध्ये शेवटच्या रांगेत झुनझुना वाजवत होते. फक्त गोंदिया शहरातल्या लग्नांत, आणि तीही पोवारांची लग्नं सोडून. सुनंदाला सगळं माहीत होतं. साहेबांना माहीत होतं की नाही, मला सांगता येत नाही. पण त्या काळात ते शहरातल्या एकाही लग्नाला गेले नाहीत आणि प्रत्येक वेळी तब्येतीचं कारण सांगत.

चौथ्या हिवाळ्यात एका लग्नात मास्टरने त्यांना क्लॅरिनेट हातात घेऊ दिली. दोन मिनिटं उत्तम गेली. मग जवायांच्या अंगातलं जॅझ जागं झालं, गाणं डावीकडे वळलं, आणि नाचणारी पोरं पाय हवेत धरून उभी राहिली. "गाणं कोठी गेलं बे?" एकजण ओरडला. मास्टरने डोळे वटारले. जवाई घाबरून गाण्यावर परत आले, आणि घाबरल्यामुळे त्यांच्यातला ऑर्केस्ट्रावाला जागा झाला. त्यांनी ते गाणं हळूहळू संथ करत, शेवटचा स्वर सुंदर लांबवत, रीतसर संपवलं. इतका निःसंशय शेवट गोंदियाच्या रस्त्यावर कधी ऐकू आला नव्हता. वरात आपोआप थांबली. ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले. नवरदेव घोड्यावरून उतरला. मांडव अजून अर्धा किलोमीटर दूर होता.

त्या दिवशी मास्टरने त्यांना जे सांगितलं ते जवायांनी माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. "साहब, बारात में गाना खतम नहीं करते. गाना छोड़ते हैं. एक छोड़ा, दूसरा पकड़ा. बीच में पब्लिक को पता नहीं चलना चाहिए कि साँस किसने ली. और सीधा बजाओ. पब्लिक को उसका गाना चाहिए, आपका नहीं."

"म्हणजे," जवाई परतताना म्हणाले, "अर्धं आयुष्य मी नीट संपवायला शिकलो आणि अर्धं सरळ न वाजवायला." ते पुन्हा झुनझुन्यावर गेले. आणि रोज पहाटे चिंचेखाली एक गाणं सोडून दुसरं पकडायचा रियाज करू लागले. मागे मागे चालत, कारण वरातीत क्लॅरिनेटवाल्याचं तोंड नवरदेवाकडे असतं. चिंचेच्या मुळांत ते दोनदा पडले.

मग साहेबांच्या धाकट्या मुलाचं, म्हणजे सुनंदाच्या भावाचं, लग्न ठरलं. मुलगी दवनीवाड्याच्या रस्त्यावर, एका फाट्यावरून आत दीड किलोमीटरवर असलेल्या गावची. व्याही मोठे बागायतदार. त्यांनी निरोप पाठवला होता की हॉलंडच्या इंजिनियर जवायांसाठी मांडवात वेगळी खुर्ची, फेटा आणि शेला राहील, आणि त्यांच्या हातून गावच्या बंधाऱ्याबद्दल दोन शब्द झाले तर बरं. साहेबांनी बँड मास्टरचाच ठरवला, कारण गोंदियात दुसरे होते ते सगळे नळ्या टाकून ढोल-कीबोर्डच्या धुमाल पार्टीत गेले होते.

इथे माझी दुसरी चूक. आमच्याकडे घरच्या मुलाची वरात निघताना घरचा जवाई रुसतो. हा त्याचा हक्क आहे. तो बाहेर खाटेवर तोंड फिरवून बसतो, सासरा हात जोडून समजूत काढायला येतो, आणि जवाई जे मागेल ते नाही म्हणता येत नाही. तो उठेपर्यंत वरात हलत नाही. कुणी घड्याळ मागतं, कुणी अंगठी, एकाने मोटरसायकल मागितली होती. ही प्रथा मी जवायांना केवळ समाजशास्त्रीय कुतूहल म्हणून समजावली होती. त्यांनी ती वहीत लिहून घेतली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

लग्नाच्या सकाळी दोन बसगाड्या दारात उभ्या, आणि जवाई अंगणातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. बायांना मोठी मौज वाटली. "पाहा, जवाई रुसले! शिकले न आपलं!" साहेब हसत हसत पुढे आले. सगळ्यांना वाटलं, कॅमेरा मागतील.

"काय पायजे तं सांगा जी, जवाई. आज नाही म्हननार नाही."

जवायांनी मान वळवली आणि वाक्य पाठ केलेलं असल्यामुळे अगदी स्वच्छ म्हणाले, "मले वर्दी पायजे."

 बसचा ड्रायव्हर इंजिन चालू करत होता, त्याने ते बंद केलं. साहेबांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. त्यांनी सुनंदाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बसकडे. खाटेपाशी सगळे नातेवाईक उभे होते, आणि प्रथा प्रथा होती.

"द्या मास्टर," साहेब म्हणाले. "त्याइले वर्दी द्या."

सर्वांत मोठी वर्दी आणली. बाह्या कोपरापाशी संपल्या, विजार पोटरीवर. छातीवरची सोनेरी बटणं लागेनात, म्हणून सुनंदाने पिना लावल्या. मास्टरचा दुसरा क्लॅरिनेटवाला धुमालमध्ये गेलेलाच होता. त्याच्या जागी जवाई.

फाट्यावर पूल खचलेला, बसगाड्या पुढे जाईनात. वरात दीड किलोमीटर चालत निघाली. दोन्हीकडे कापलेली धानाची शेतं, मध्ये धुळीचा रस्ता. साहेब माझ्याबरोबर कडेने चालत होते आणि एखाद्या अनोळखी वरातीच्या बाजूने जावं तसं शेतांकडे पाहत होते.

"लोक वळखतीन का गा?" त्यांनी विचारलं.

"सहा फूट चार इंच," मी म्हणालो.

"टोपी घातली आहे न पन."

अर्ध्या वाटेवर धुळीने मास्टरचा घसा बसला. खोकत खोकत त्याने हात केला आणि जवाई पुढे आले. मी श्वास धरला. त्यांनी एक जुनं, प्रत्येक लग्नात वाजणारं गाणं उचललं आणि सरळ वाजवलं. इतकं सरळ की मला माझ्या ओळखीचा माणूस त्यात सापडेना. पोरं नाचू लागली. ते मागे मागे चालत होते, खड्डे पायांनी चाचपत, डोळे नाचणाऱ्यांच्या पायांवर. एक गाणं सोडलं, दुसरं पकडलं. कुणी श्वास घेतला ते कळलं नाही. पोरं थकेनात, म्हातारे नाचू लागले, आत्याबाईंनाही कुणीतरी फिरवलं. मांडव दिसू लागला आणि तरी वरात पुढे सरकेना, कारण एवढा चांगला बँड सोडून मांडवात कायले जायचं?

मुहूर्त बाराचा होता. साडेबारा झाले, एक वाजला. मांडवातून व्याही दोनदा माणूस पाठवून विचारून गेले, "हॉलंडचे इंजिनियर कोठी आहेत?" दोन्ही वेळा साहेब म्हणाले, "मांगून येऊन राहिले." शेवटी व्याही स्वतः बाहेर आले. एका हातात गुलाबी फेटा, दुसऱ्या हाताने घड्याळ दाखवत, ते गर्दीत घुसले आणि टोपीखालच्या, धुळीने माखलेल्या चेहऱ्याकडे न पाहता त्यांनी जवायांची तोकडी बाही धरून ओढली.

"ए लंबू! बंद कर न बे! मुहूर्त गेला, समजते का तुले? बापा, कोठून आनला हा बांबू! वाजंत्री आहेस तं वाजंत्र्यासारखा राह्य!"

जवायांना त्यातले शब्द किती कळले, माहीत नाही. सूर कळला. त्यांनी नळी तोंडातून काढली नाही, पण त्यांचे डोळे मी पाहिले. ऑर्केस्ट्राच्या संचालकाने किंवा कुठल्या बक्षिसाने तो आनंद त्यांना दिला नसावा. बारा हिवाळ्यांत पहिल्यांदा या जिल्ह्यात त्यांना कुणीतरी शिवी दिली होती, आणि ती त्यांच्या कामावरून होती.

मी साहेबांकडे पाहिलं. गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं. व्याह्यांनी एका बँडवाल्याला दटावलं, इतकंच. इंजिनियर मागून येतच राहिले असते, मग त्यांना ताप आला असता. साहेबांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग ते गर्दी बाजूला करत पुढे गेले आणि त्यांनी व्याह्यांचा हात बाहीवरून सोडवला.

"तोंड सांभाळा, व्याही. जवाई होत हे माह्ये."

व्याही हातातल्या फेट्याकडे आणि लाल वर्दीकडे पाहत राहिले. "हे? हे तं इंजिनियर होते न?"

"इंजिनियर माही पोरगी आहे," साहेब म्हणाले. नाचणारे थांबले होते, त्यामुळे मागच्यांनाही ऐकू गेलं. "नहरेचं जे काई सांगतलं ते तिनंच सांगतलं. हे वाजंत्री आहेत. हॉलंडचे." आणि थोडं थांबून, "मोठे आहेत."

सुनंदा बायांच्या घोळक्यात होती. तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं, आणि ती हसत होती की रडत होती हे ठरवायला मी जवळ नव्हतो.

व्याह्यांची मात्र अडचण झाली. फेटा इंजिनियरसाठी आणलेला, आणि इंजिनियर निघाली बाई. बाईला फेटा बांधायची रीत नव्हती. त्यांनी भटजींकडे पाहिलं, भटजींनी घड्याळाकडे. शेवटी परंपरेला इंजिनियर नको होता, जवाई हवा होता, हे लक्षात येऊन त्यांनी हात जोडले, माफी मागितली आणि बँडची टोपी काढून फेटा जवायांच्या डोक्यावर ठेवला. त्यासाठी जवायांना गुडघ्यांवर बसावं लागलं. वर्दीवर शेला आला. दोघांनी त्यांना दंडाला धरून मानाच्या खुर्चीकडे नेलं. जाताना ते मागे वळून बँडकडे पाहत होते, शाळेतून लवकर घरी नेलेल्या पोरासारखे. क्लॅरिनेट कुणीतरी त्यांच्या हातातून आदराने काढून घेतली.

"क्या आदमी है," घसा बसलेला मास्टर माझ्याशेजारी कुजबुजला. "चालू गाने में से उठ के चला गया." मग थोडा विचार करून म्हणाला, "अगले सीझन में ठीक हो जाएगा."

लग्न पावणेदोनला लागलं. बंधाऱ्याबद्दल दोन शब्द सुनंदा बोलली, आणि ते दोनाहून बरेच जास्त होते. शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला की पोरगी हुशार आहे, नवऱ्याजवळून शिकली असन.

मानाच्या पंगतीत जवायांना पाटावर बसवून वाढलं, आग्रह करून करून. तीन बाया समोर उभ्या होत्या. ते उठले, हात धुतले, फेटा आणि शेला माझ्याकडे दिला आणि मांडवाच्या मागे गेले. मी पाठोपाठ गेलो. तिथे बँडवाले पत्रावळी घेऊन मातीत बसले होते. त्यांना पाहून कुणी उठलं नाही. झुनझुनेवाल्याने फक्त मांडी आवरून थोडी जागा केली, आणि जवाई त्या जागेत तीन घड्या घातल्यासारखे बसले. पत्रावळ पुढे आली आणि ते पुन्हा जेवू लागले.

आयुष्यभर दोन घरी पाहुणा राहिलेला माणूस शेवटी मातीत, आपल्या माणसांत जेवायला बसला होता. अशा वेळी काहीतरी नोंद व्हावी म्हणून मी त्यांना विचारलं, त्या पंगतीत आणि या पंगतीत काय फरक वाटला?

त्यांनी घास नीट चावला आणि बराच विचार केला. मग म्हणाले, वरण दोन्हीकडे खारट आहे.

मी दोन्हीकडचं चाखून पाहिलं. होतं.